गोड्या पाण्याच्या टाकीची दोन कुलपे

मी, खाली सही करणारा, रोपशेडचा मालक, अविवाहित, आठवीपर्यंत शिकलेला, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी लिहायला लावलेले नाही. शेजारी बसून कोणी सांगत नाही, आणि कोणाला सांगता येऊ नये म्हणून शेडचे दार आतून लावून घेतले आहे. मी दारू पीत नाही. ताप नाही, आत्ताच पाहिला. माझे मन ठिकाणावर असल्याचा दाखला मी दवाखान्यातल्या सिस्टरकडे मागितला होता. त्या म्हणाल्या, "मन मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. ब्लड प्रेशर मोजून देते." ते ठीक निघाले. तो कागद सोबत टाचला आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या नावाचे दुसरे कोणी दाखवले तर ते खोटे समजावे आणि ते दाखवणाऱ्याची चौकशी करावी.

कारण असे, की उद्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी मला बेट सोडून पलीकडे, किनाऱ्यावरच्या इस्पितळात जायचे आहे. भाजीचे क्रेट उचलून उचलून हर्निया झाला. घरात सगळे हसतात. दादा म्हणाला, "लेका, हर्निया आहे तो, लढाईला नाही चाललास." पण हसणाऱ्यांपैकी एकानेही 'लिहू नकोस' असे म्हटलेले नाही. उलट, 'काय लिहिलंस' असे प्रत्येकाने एकेकट्याने येऊन विचारले. हे मी लक्षात ठेवले आहे.

मला ऑपरेशनची भीती आहे, पण जाण्याची जास्त आहे. पलीकडे जायला एकच लाँच आहे आणि ती लाँचवाल्याची आहे. लाँचवाल्याला माझी टाकी हवी आहे. ही दोन वाक्ये एकत्र वाचावीत.

कलम १. टाकी

शेडच्या जमिनीखाली पावसाच्या पाण्याची टाकी आहे. ती वडिलांनी बांधली. वडील गवंडी होते. लोकांची घरे त्यांनी आरशासारखी गुळगुळीत करून दिली आणि आपल्या घराच्या मागच्या भिंतीला गिलावा करायचा राहूनच गेला, असे आई अजून ऐकवते. टाकीत मात्र त्यांनी कसूर ठेवली नाही. शेडच्या पत्र्यावरचे सगळे पाणी पन्हळीने तिच्यात उतरते. भर उन्हाळ्यात गोडे पाणी भरवशाने मिळेल अशी बेटावर आता ही एकच जागा उरली आहे. जमीन, शेड आणि टाकी तिन्ही माझ्या नावावर आहेत. दादाला घराची पुढची बाजू मिळाली आणि मला मागची खोली आणि हे, कारण तेव्हा याला कोणी विचारत नव्हते.

कलम २. शेड कशासाठी आहे

हा कागद उद्या कोर्टात वाचला जाईल आणि वाचणाऱ्याला बेट माहीत नसेल, म्हणून थोडे सांगतो.

पूर्वी आमच्याकडे भाजी लाँचने येत असे. बेटावर शेती नव्हती असे नाही. शेती होती, कष्टाची तयारी होती, पण प्रत्येकाचे डोळे शेजाऱ्याच्या कुंपणात. शेजाऱ्याने कोबी लावला की याला वाटे, त्याला भावाचे काहीतरी कळले आहे आणि तो आपल्याला सांगत नाही. मग हाही कोबी लावी. याचे पाहून तिसरा. सगळ्या बेटाचा कोबी एकदम तयार होई, निम्मा गुरांपुढे जाई, आणि त्याच आठवड्यात शाळेच्या स्वयंपाकघरात पलीकडून आलेले टोमॅटो शिजत. समुद्र खवळून लाँच बंद पडली की शाळेत नुसता कोबी. मीही तो खाल्ला आहे. शाळा सोडण्याचे ते एकच कारण नव्हते, पण एक होते.

मी पाळी सुचवली. कोणी काय लावायचे आणि कोणाच्या नंतर लावायचे हे आधी ठरवायचे, म्हणजे शाळा, दवाखाना आणि विश्रामगृह या तिन्ही स्वयंपाकघरांना वर्षभर थोडे थोडे सगळे मिळेल आणि लाँचकडे पाहावे लागणार नाही. बैठकीला सगळे आले. कोणी कोणाच्या शेजारी बसले नाही. दुसरा पाळी पाळेल कशावरून, हा एकच प्रश्न फिरत राहिला.

तेव्हा नन्नाकाका उठले. त्यांचे शेत शेडला लागून आहे. वाक्य पुरते ऐकण्याआधी "ना, ना" म्हणतात म्हणून ते नाव. ते म्हणाले, "माझा तुमच्यातल्या एकावरही विश्वास नाही. माझी रोपं दुसऱ्या कोणी वाढवा, त्याची मी वाढवतो. माझी मारलीत तर तुमची मेली समजा. आहे कबूल?"

काकांना सभा मोडायची होती. पण एवढ्या वेळात सगळ्यांना पटलेली ती पहिलीच गोष्ट निघाली.

तेव्हापासून बेटावर कोणी आपली रोपे आपण वाढवत नाही. सगळ्यांचे वाफे माझ्या शेडमध्ये शेजारी शेजारी आहेत आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या वाफ्याला पाणी घालतो. यांना ओलीस रोपे म्हणतात. दुसऱ्याच्या रोपावर अळी दिसली तर माणूस जेवण टाकून धावत येतो, कारण त्याचीही कोणाच्या तरी हातात आहेत. शाळेत आता वांगी, पालक, भोपळा, गाजर सगळे बेटाचे जाते. शाळेची स्वयंपाकीण म्हणते, "तुमच्या बेटावर प्रेमानं काही उगवायचं नाही, पण संशयानं झकास उगवतं." मला त्यात काही चूक दिसत नाही.

कलम ३. खारट पाण्याचे प्रकरण

गेल्या उन्हाळ्यात रोपांच्या पानांच्या कडा जळू लागल्या. टाकीचे पाणी आम्ही उन्हाळ्याच्या शेवटासाठी राखतो. तोवर ज्याने त्याने आपल्या विहिरीचे पाणी आणून घालायचे, असा नियम आहे. वहिनी आमच्या घरच्या विहिरीचे पाणी आणून नन्नाकाकांचा कोबी वाढवत होती. तो सगळा गेला. काकांनी काही विचारले नाही. वहिनीचे टोमॅटो त्यांच्या ताब्यात होते, ते मुळासकट उपटून वाटेवर ठेवले. वहिनीने मुद्दाम मीठ कालवले, असे ते सगळीकडे सांगत फिरले.

मी त्या वेळी वहिनीकडे जरा जास्त वेळ पाहिले असणार. ती म्हणाली, "भाऊजी, मीठ कालवायला आधी मीठ लागतं. डबा उघडून बघा की. तुम्ही रोज बघताच."

मी बघितला. डबा होता तितकाच भरलेला होता.

तोवर बाकीच्यांनीही एकमेकांचे वाफे सुकवायला सुरुवात केली होती. पाळी मोडली. शाळेत पुन्हा लाँचचे टोमॅटो आले आणि लाँचवाल्याने भाजीचे भाडे वाढवले. मी भांडे घेऊन निघालो आणि एकेक विहीर चाखत गेलो. लोक म्हणाले, कुलूप आता विहिरींनासुद्धा कुलूप लावणार. (बेटावर मला कुलूप म्हणतात. मी ते नाव स्वीकारलेले नाही.) लाँचवाल्याच्या बर्फाच्या कारखान्याकडे जावे तसे पाणी खारट होत गेले. आमची घरची विहीर कारखान्याच्या पाठीलाच आहे. कारखान्यासाठी त्याने खोल बोअर मारली आहे, ती रात्रंदिवस गोडे पाणी ओढते, आणि रिकाम्या जागेत समुद्र आत येतो.

मी त्याला तोंडावर सांगितले. तो खुर्चीतून उठलाही नाही. म्हणाला, "समुद्राच्या मधोमध राहतोस आणि खारट लागतं म्हणून तक्रार करतोस?"

बर्फ लागतो, हे मला मान्य आहे. मासेमारी करणाऱ्यांचे त्यावर पोट आहे. पण आता त्याची बोअरही खारट झाली. खारट पाण्याचा बर्फ नीट गोठत नाही. म्हणून तो टाकीच्या मागे लागला आहे. टाकी गेली तर उन्हाळ्यात रोपे होणार नाहीत, रोपे नसतील तर पाळी राहणार नाही, आणि सगळ्या बेटाने पुन्हा लाँचकडे तोंड करून बसायचे. त्याला हे कळत नाही असे मी मानत नाही.

कलम ४. दादा

माझा मोठा भाऊ लाँचवर तिकिटे फाडतो. तो वाईट माणूस नाही. त्याला 'नाही' म्हणता येत नाही, एवढेच. एकदा फेरीवाल्याने त्याला एकाच पायाचे दोन बूट विकले आणि तो 'चालतील' म्हणून घेऊन आला. लाँचवाल्याचा निरोप त्यानेच आणला. "शेठ म्हणत होते, टाकी विकू नकोस, नुसती भाड्यानं दे. पाणीच आहे रे ते." मी नाही म्हटले. तो "बरं" म्हणाला. शेठलाही तो "बरं"च म्हणाला असणार.

म्हणून जमीन, शेड आणि टाकी यांतले काहीही दादाला देत नाही. त्याला माझी सायकल, रेडिओ, नवा रेनकोट आणि माझ्या वाट्याची मागची खोली देतो. खोलीचा गिलावा करून घ्यावा. आईला बरे वाटेल.

कलम ५. आई

आई आहे तोवर मागच्या खोलीत तिने हवे तसे राहावे. दादाने तिला 'जरा सरकून घे' म्हणू नये. तिने कशावरही सही करू नये, अंगठाही देऊ नये. आई, तुला प्रेमाने कोणी चहा आणून दिला आणि त्याच्या मागून कागद पुढे केला, तर चहा पी आणि कागद राहू दे.

कलम ६. शेड, जमीन आणि टाकीची मालकी

ही वहिनीला देतो. तिच्या एकटीच्या नावावर.

हे मी काल तिला सांगितले, कारण नंतर धक्क्याचे सोंग केले असे कोणी म्हणायला नको. ती वाफ्यातले तण काढत होती. मान वर न करता म्हणाली, "मला देताय म्हणजे यांना देत नाही, असं सरळ लिहा की."

"तसंच लिहिणार आहे."

"आणि माझ्यावर विश्वास बसला वाटतं?"

"नाही."

"मग?"

"तुमचा लाँचवाल्यावर माझ्याहून कमी विश्वास आहे."

यावर ती हसली आणि हातातले तण माझ्या पायावर टाकले. ती बियाण्याची काही पाकिटे माझ्यापासून लपवून ठेवते, हे मला माहीत आहे. पन्हळीच्या वरच्या फटीत आहेत. उंदीर लागतील, जागा बदलावी.

अटी: (अ) जमीन विकता, गहाण टाकता किंवा भाड्याने देता येणार नाही. (आ) वाफे ओलीस पद्धतीनेच चालतील. कोणाचा कोणावर विश्वास बसू लागला, म्हणून पद्धत सैल करू नये. (इ) तिन्ही स्वयंपाकघरांची भाजी आधी जाईल, मग बाजार. (ई) बर्फाच्या कारखान्याला टाकीतले पाणी कोणत्याही मोसमात, कोणत्याही भावाने, बादलीभरही दिले जाणार नाही. ही अट कायमची आहे.

कलम ७. दोन कुलपे

टाकीच्या झाकणाला दोन कुलपे आहेत. आजपर्यंत दोन्ही किल्ल्या माझ्या कमरेला होत्या. माझ्यानंतर एक किल्ली वहिनीला आणि दुसरी नन्नाकाकांना द्यावी. टोमॅटो उपटल्यापासून दोघे बोलत नाहीत. खारट पाण्याचे खरे कारण कळल्यावरही काका माफी मागायला आले नाहीत. त्यांनी एक भोपळा दारात ठेवला आणि वहिनीने तो उचलून गाईला घातला. आता पाणी काढायचे तर दोघांना एकाच वेळी झाकणापाशी उभे राहावे लागेल. बोलले नाहीत तरी चालेल. एकमेकांच्या हातांकडे पाहिले तरी पुरे.

काकांना विचारले, किल्ली घ्याल का. म्हणाले, "ना, ना." मग म्हणाले, "कुठंय?" मी सांगितले, मी मेल्यावर. ते म्हणाले, "मग आता कशाला विचारतोस, उगाच माणसाला आशेला लावून." काका हे बोलताना हसले नाहीत, म्हणून तसे नोंदवतो. त्यांना माझी हातगाडीही द्यावी. ती ते नाही तरी न विचारता नेतातच.

कलम ८. किरकोळ

वजनकाटा शाळेच्या स्वयंपाकिणीला द्यावा. माझ्या काट्यावर तिला पहिल्यापासून शंका होती, आता घरीच तपासत बसावे. फावडी, पाण्याच्या झाऱ्या आणि क्रेट शेडबरोबर जातील. ज्या शेतकऱ्यांचे वाफे शेडमध्ये आहेत त्या प्रत्येकाला एक झारी त्याच्या नावाची समजावी, म्हणजे कोणाला दुसऱ्याच्या झारीची भोके मोठी वाटणार नाहीत. बँकेत जे काही असेल ते टाकीच्या तळाच्या दुरुस्तीसाठीच वापरावे. गवंडी पलीकडचा आणू नये. आणलाच तर तो काम करताना कोणीतरी जवळ बसावे.

माझ्यानंतर लोकांना जेवायला घातलेत तर भाजी बेटावरचीच असावी. लाँचची आणलीत तर मला कळणार नाही, पण वहिनीला कळेल.

कलम ९. साक्षीदारांची अडचण

ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे अर्ज लिहून देणाऱ्याने सांगितले. मी त्याच्या सांगण्यावर विसंबलो नाही, सिस्टरनाही विचारले. त्याही तेच म्हणाल्या. सिस्टर स्वतः सही करतील. त्या बदलीवर आल्या आहेत आणि त्यांना बेटावरचे काही नको आहे. हे त्या रोज बोलून दाखवतात.

दुसरा साक्षीदार मिळेना. मी बसून आठवले, तेव्हा लक्षात आले की ओळखीच्या प्रत्येकाला मी काही ना काही देऊन बसलो आहे, निदान झारी. कोणाची झारी काढून घ्यावी, तर तो उद्या म्हणणार, माझीच का. ज्याला मी काहीच दिलेले नाही असा एकच माणूस बेटावर आहे.

आज सकाळी लाँचवाला स्वतःच शेडच्या दारात आला. उद्या लाँचमध्ये जागा धरायची का, हे विचारायला. तिकिटे फाडायला दादा असताना हा स्वतः का आला, हा प्रश्न मी मनात ठेवला आणि सिस्टरना बोलावून घेतले. मग त्याला वरची सगळी कलमे वाचायला दिली. त्याने चष्मा लावून सावकाश वाचले. पुढचे बोलणे मी त्याच्यासमोर, सिस्टर हजर असताना, लगेच लिहून घेत आहे, म्हणजे नंतर कोणाला नाकारता येणार नाही.

तो म्हणाला, "म्हणजे तू मेलास तरी मला पाणी नाही."

मी म्हणालो, "नाही."

"कायमचं?"

"वाचलंत ना. कायमचं."

"आणि मला सही करायला सांगतोयस. यावर."

"तुम्हाला काही मिळत नाही, म्हणून तुम्ही चालता."

सिस्टर म्हणाल्या, "मला दवाखान्यात जायचंय, काय ते लवकर ठरवा."

त्याने टाकीच्या झाकणाकडे पाहिले. मग म्हणाला, "आणि जगलास तर?"

याचे उत्तर मी आजवर कोणाला दिलेले नाही, वहिनीलाही नाही. मी म्हणालो, "पावसाळ्यात टाकी भरून वाहते. ते वरचं पाणी समुद्रात जातं. तुम्ही बोअर बंद केलीत, आणि विहिरी गोड व्हायला लागल्या, आणि मी स्वतः चाखून पाहिल्या, तर त्या वरच्या पाण्याचं बोलता येईल."

"हे यात का नाही लिहिलंस?"

"मेल्यावर मला घासाघीस करता येणार नाही. आणि दादाला तर जिवंतपणीही येत नाही."

"मग तुझ्या वहिनीशी बोलेन मी."

"अट कायमची आहे. तिला मोडता येत नाही. हवं असलं तरी."

"म्हणजे हे सगळं तुझ्या एकट्यावर."

"सध्या."

तो हसला. त्याने कागद परत मागितला, वाचला आणि म्हणाला, "हसला असं लिहिलंयस. मी हसलो नाही." सिस्टर म्हणाल्या, "हसलात तुम्ही." त्याच्या हरकतीची नोंद घेतली आहे, शब्द ठेवला आहे.

मग त्याने विचारले, "ऑपरेशन कोण करणार? साधा डॉक्टर की मोठा?" मी म्हणालो, जो असेल तो. तो म्हणाला, "जो असेल तो नको. धक्क्यावर माझा माणूस आहे, तो तुला मोठ्याकडे नेईल. आणि टाके निघेपर्यंत तिथंच राहायचं. मी येईन आणायला."

"तुम्ही कशाला? दादा आहे."

"दादा," तो म्हणाला, "तुला एकाच बुटात आणेल."

त्याने पेन मागितले. मी माझे दिले आणि ते परत मिळाले आहे, हे इथे नोंदवतो. सही करता करता तो म्हणाला, "उद्या वारा आहे. कडेला बसू नकोस. मधल्या बाकावर बस, माझ्याजवळ."

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला आहे. खाडाखोड नाही. प्रत्येक पानावर माझी सही आहे आणि प्रत्येक पानाच्या रिकाम्या जागेवर तिरकी रेघ मारली आहे, म्हणजे मागाहून कोणाला काही घुसडता येणार नाही.

मृत्युपत्र करणाऱ्याची सही:
(रोपशेडचा मालक)

आम्ही दोघे एकाच वेळी हजर होतो. त्याने आमच्या समोर सही केली आणि आम्ही त्याच्या समोर केली. या मृत्युपत्रातून आम्हाला काहीही मिळत नाही.

साक्षीदार १ ची सही: (सिस्टर, दवाखाना)

साक्षीदार २ ची सही: (लाँचचा मालक)

स्थळ: रोपशेड, टाकीच्या झाकणाशेजारचे टेबल
तारीख: ४ फेब्रुवारी